इंजिन खोलायची घाई करू नका, ताई

पत्र : मी गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडिलांची २००१ सालची हिरो होंडा स्प्लेंडर सध्या मी चालवते. रोजचा रस्ता चढउताराचा. पावसाळ्यात सकाळी गाडी लवकर लागत नाही. चोक लावून आठ-दहा किक मारल्या की लागते, चोक काढला की बंद पडते. चेन कडकड वाजते. पाण्यातून गेलं की पुढचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. उभी असते तिथे खाली तेलाचा डाग पडतो. मेकॅनिक म्हणाले, इंजिन उघडून बोअर-पिस्टन, म्हणजे सिलिंडर आणि पिस्टनचं काम नव्याने, करावं लागेल. भाऊ म्हणतो, विकून टाक आणि स्कूटर घे. मला ही गाडी ठेवायची आहे. घरच्या घरी मी काय करू शकते? हातात पाना धरायची सवय नाही, पण शिकायची तयारी आहे.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे आणि बोअर-पिस्टनचा निर्णय नेमका तिच्यावरच ठरतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? गाडी गरम झाल्यावर कोणाला तरी मागे उभं करा, तुम्ही न्यूट्रलमध्ये रेस द्या आणि त्यांना बघायला सांगा. पावसाळ्यात सकाळी सुरुवातीला पांढरी वाफ निघते ती पाण्याची, तिची काळजी नको. निळा, जळक्या तेलाच्या वासाचा धूर असेल तर इंजिन तेल खातं आहे. तो नसेल तर बोअर-पिस्टनच्या नावाने आजच एक रुपयाही काढू नका.

दुसरी खूण तेलाची. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. इंजिनच्या उजव्या बाजूची तेलाची पट्टी काढून पुसा, परत नुसती टेकवा आणि बाहेर काढून बघा. टेकवायची म्हणजे टेकवायचीच, आटे फिरवून घट्ट करायची नाही. आटे फिरवले की पट्टी आत खोल जाते आणि कमी असलेलं तेलही भरपूर दिसतं. खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये तेल कुठे आहे ते वहीत किलोमीटरसह लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर परत बघा. खाली डाग पडतो तेवढंच कमी झालं असेल तर तेल गळतं आहे, जळत नाही. गळती थांबवायला इंजिन उघडावं लागतंच असं नाही.

जुन्या गाडीचा खर्च बहुतेक वेळा न मोजता खोलल्यामुळे होतो. इंजिन एकदा उघडलं की गॅस्केट, रिंगा, ऑइल सील सगळंच नवं घालावं लागतं, आणि मूळ तक्रार कार्बोरेटरची असेल तर ती तशीच राहते. तुमच्या पत्रातली लक्षणं वाचून माझा पहिला संशय प्लगच्या कॅपवर, कार्बोरेटरच्या पायलट जेटवर आणि टॅपेटवर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली बारीक फट) आहे. तिन्ही कामं स्वस्तातली आहेत. त्यांच्याकडे वळायच्या आधी मात्र ब्रेक. गाडी सुरू झाली नाही तर शाळेला उशीर होईल. उतारावर थांबली नाही तर काय होईल ते मी लिहायला नको.

स्प्लेंडरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर (ब्रेक शूवरची घासणारी पट्टी) आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा थर बसतो आणि ब्रेक घसरतो. वहाळातून किंवा साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर गाडी हळू ठेवा आणि दोन्ही ब्रेक हलके दाबून थोडं अंतर जा. घर्षणाने ड्रम तापतो, पाणी उडून जातं, पकड परत येते. ही सवय नव्या गाडीलाही लागू आहे. कोरड्या रस्त्यावरही पुढचा ब्रेक कमजोर वाटत असेल तर पुढचं बघा.

ड्रमच्या बाहेर, जिथे केबल येऊन दांडीला मिळते, त्या दांडीवर एक बाण आहे आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण आहे. हँडलवरचा ब्रेक पूर्ण दाबून धरा. बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला असेल तर लायनर संपले. मग केबल कितीही ओढून घेतलीत तरी उपयोग नाही, ब्रेक शू बदलायचेच. बाण खुणेच्या अलीकडे असेल तर केबलच्या खालच्या टोकाचा नट फिरवून ताण घ्या. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. नंतर चाक उचलून हाताने फिरवा. कुठेही घासता कामा नये.

आता केबल. ही तपासणी तुम्ही आजच संध्याकाळी करा. हँडलपाशी लिव्हर दाबून आत डोकवा. केबलच्या टोकाला धातूचा छोटा गोळा असतो आणि त्याच्या मुळाशी बारीक तारा गुंफलेल्या दिसतात. तिथे एक जरी तार तुटून काट्यासारखी बाहेर आली असेल तर केबल बदला. बाकीच्या तारा लागोपाठ जातात आणि शेवटची नेमकी जोरात ब्रेक दाबताना जाते. तारा शाबूत असतील तर तेल घाला. केबलचा ताण सैल करून लिव्हरच्या खाचेतून टोक सोडवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलच्या बाहेरच्या नळीला दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे वर नरसाळं तयार होतं. त्यात चमचाभर इंजिन ऑइल घाला, केबल आतबाहेर हलवत राहा आणि खालच्या टोकाला तेल दिसेपर्यंत थांबा. पहिल्यांदा काळं, गंजाचं पाणी मिसळलेलं तेल येईल. ते आलं की हँडलवर हाताला लगेच फरक कळतो. हीच पद्धत क्लचच्या केबललाही वापरा.

ब्रेक शू बदलायचं काम पहिल्यांदा गॅरेजमध्येच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. आणि एक सांगून ठेवते : ड्रममधली काळी भुकटी कोणालाही तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं टाकून द्यायचं.

आता सकाळच्या किककडे.

सुरुवात प्लगपासून. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना प्लग सोडवला तर आटे खराब होतात. कॅप ओढून काढा आणि प्लगच्या मुळाशी साचलेली माती ब्रशने नीट साफ करा, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. या गाडीचा प्लग छोट्या, १० मिलिमीटर आट्यांचा आहे, त्याला १६ नंबरचा प्लग पाना लागतो. बाहेर काढलेल्या प्लगचं टोक उजेडात धरा. कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, मग एअर फिल्टर बघायचा. ओलं, तेलकट काळं असेल तर तेल जळत असण्याची शक्यता खरी धरायची. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे. गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे इंजिनला मंद चालीत पेट्रोल पुरत नसणार, म्हणून कार्बोरेटरची शंका. पण प्लग काय म्हणतो ते आधी बघू.

प्लग परत लावताना पाना शेवटी वापरायचा. आधी बोटांनी फिरवत आत न्यायचा. बोटांना अडला तर काढून पुन्हा सरळ लावायचा, जोर करायचा नाही. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. जुनाच परत लावत असाल तर त्याहून बराच कमी. जुन्या गाड्यांच्या हेडचे आटे हाताच्या ताकदीनेच जातात आणि मग हेड खराद करणाऱ्याकडे न्यावं लागतं.

पावसाळ्यातच त्रास होतो असं तुम्ही लिहिलंत, म्हणून प्लगची रबरी कॅप नीट बघा. तिला तडा असेल किंवा आत हिरवट थर दिसला तर पाणी शिरून ठिणगी बाजूलाच गळते. कॅप जाड वायरवर आट्यांनी बसलेली असते. उलटी फिरवून काढा, वायरचं टोक पाव इंच कापा म्हणजे आतली ताजी तांब्याची तार मिळेल, आणि कॅप परत घट्ट फिरवून बसवा. कॅप जुनी असेल तर नवीच लावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि कोकणातल्या कितीतरी गाड्या एवढ्यानेच सकाळी लागायला लागतात.

नंतर पेट्रोल. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमची गाडी बनली तेव्हा तिचे रबरी भाग या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आठवडाभर उभी राहिली तर तळाशी पाणी साचू शकतं. तपासणं सोपं आहे. टाकीचा नळ बंद करा, काचेची छोटी बाटली कार्बोरेटरच्या खालच्या नळीला धरा आणि कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू थोडा सैल करा. वाटीतलं पेट्रोल बाटलीत येईल. ती अर्धा तास न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा फिरणारे थेंब दिसले तर ते पाणी. हे काम उघड्यावर करा, चूल, उदबत्ती, देवघरातला दिवा यांच्यापासून लांब.

पाणी निघालं तर टाकीच्या झाकणाचं रबर बदला, सुट्टीत गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आणि रात्री नळ बंद करायची सवय लावा. पेट्रोलची नळी बोटांनी दाबून बघा. कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर इथेनॉलला टिकणारी नवी घ्या. कार्बोरेटरचं रबर-किटही याच वेळी बदलून घेतलेलं बरं.

पायलट जेट ही बारीक भोकाची पितळी नळी. साधारण सुईच्या टोकाएवढं भोक, त्यात पेट्रोलचा चिकटा बसला की मंद चाल जाते. हे मेकॅनिककडून करून घ्या, पण एक अट घाला : जेटमध्ये तार घालायची नाही. तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा, बस.

टॅपेटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे सगळ्यांत जास्त राहून जातं. टॅपेट आवळले गेले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, कॉम्प्रेशन निसटतं, गाडी थंडीत लागत नाही. किक मऊ लागते आणि समोरचा माणूस म्हणतो, पिस्टन गेला. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण बोअर-पिस्टनच्या आधी टॅपेट तपासलेच पाहिजेत. ते थंड इंजिनवरच सेट करायचे असतात. गाडी चालवत गॅरेजला नेलीत आणि लगेच टॅपेट केले तर माप चुकतं. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला ठेवा आणि सकाळी, किक मारायच्या आधी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) करून घ्या. फिलर गेजची पाती कुठल्या मापाची घेतली ते विचारा. नुसत्या हाताच्या अंदाजाने करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून न काढता दाबून कोरडा करा, थोडं तेल लावून जास्तीचं दाबून काढा. कागदी असेल तर धुवायचा नाही, झटकायचा, नाहीतर बदलायचा.

तेलाच्या डागासाठी इंजिन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करा, कोरडं पुसा आणि संशयित जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवा. तेल जिथून निघतं तिथली पावडर आधी ओली होते. चालत्या गाडीवर तेल वाऱ्याने मागे जातं, म्हणून खालचा डाग जिथे आहे त्याच्या वर आणि पुढे शोधायचं. टॅपेटच्या टोप्यांची गोल रबरं, ड्रेन बोल्टचा वॉशर, गिअरच्या दांडीचं सील, पुढच्या चेन चक्रामागचं सील, बहुतेक गळती यातूनच असते. रबर आणि वॉशर घरी बदलता येतात. सीलं गॅरेजमध्ये, पण त्यांच्यासाठी सिलिंडर काढावा लागत नाही.

तेल बदलणं हे शिकायला सगळ्यांत चांगलं पहिलं काम. इंजिन कोमट असताना तळाचा १७ नंबरचा बोल्ट सोडवा, खाली जुनं पातेलं ठेवा. वॉशर नवा घाला. तेल १०डब्ल्यू-३० ग्रेडचं, मोटरसायकलचंच घ्या. कारचं घालू नका, कारण या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातल्या रसायनांनी तो घसरू शकतो. बाटली एकदम उपडी करायची नाही. थोडं कमीच घाला, पट्टीने बघा, मग वरच्या खुणेपर्यंत आणा. जुनं तेल बाटलीत भरून गॅरेजला द्या. परसात, वहाळात ओतू नका. तुमच्याकडे विहिरीचं पाणी पितात.

चेन कडकड वाजते ती सैल झाली असेल किंवा कोरडी पडली असेल. स्प्लेंडरच्या चेनला पूर्ण कव्हर असतं, त्यामुळे ती दिसत नाही आणि लक्षात राहत नाही. कव्हरवर रबराचं बूच आहे, ते काढून बोटाने चेन वरखाली करून बघा. साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा. एके ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन असमान ताणली आहे, मग चेन आणि दोन्ही चक्रं एकत्रच बदलायची. नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर चढवली तर लवकर जाते. ताण घेताना ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणेवर आणा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही बदलतो, म्हणून तोही शेवटी परत सेट करा. वंगणाला ९० नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस नको, त्यावर जांभ्याची लाल माती बसते आणि चेन आतून झिजते. आणि कुठल्याही परिस्थितीत इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. अनेक मेकॅनिकांच्या बोटांची पेरं अशीच गेलेली मी पाहिली आहेत.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १०, १२, १४, १७ आणि १९ चे रिंग पाने, प्लग पाना, पक्कड, हवेचं प्रेशर बघायचं गेज, आणि एक चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर. यात पैसे वाचवू नका. कार्बोरेटरचे आणि कव्हरचे स्टार स्क्रू मऊ असतात. स्वस्तातला ड्रायव्हर त्यांच्यात फिरून खाच खातो आणि मग स्क्रू छिन्नीने काढावा लागतो. ड्रायव्हर बसवून मुठीवर हातोडीची हलकी थाप द्या, मग फिरवा. पहिल्या काही वेळा काढलेली प्रत्येक वस्तू फोनवर फोटो काढून, वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडा.

भावाच्या म्हणण्याचंही उत्तर देते. सुट्या भागांची अडचण तुम्हाला येणार नाही. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि तिच्या इंजिनाचं घराणं होंडाच्या १९५८ च्या कब या छोट्या दुचाकीपासूनचं आहे. हिरो आणि होंडा वेगळ्या झाल्या तरी स्प्लेंडर बंद झाली नाही, त्यामुळे लायनर, केबल, सील, जेट तालुक्याच्या दुकानातही मिळतात. फक्त कंपनीच्या पाकिटातलेच घ्या, किंमत आणि पार्ट नंबर छापलेला बघून. कागदांकडे मात्र वेळेत लक्ष द्या. २००१ च्या नोंदणीची पंधरा वर्षं २०१६ ला संपली, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०२६ चं वर्ष तुमचं आहे. आरसी वडिलांच्याच नावावर असेल तर विमा आणि पीयूसी चालू आहेत ना ते बघा, आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घ्या, ती जुन्या गाड्यांनाही बंधनकारक आहे.

आणखी एक. मंद चालीत हेडलाइट मिणमिणते म्हणून बॅटरी बदलायला कोणी सांगितलं तर बदलू नका. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनमधल्या कॉइलवर चालतो, रेस दिली की उजेड वाढणारच. हॉर्न आणि इंडिकेटर कमजोर असतील तर मात्र बॅटरी बघा.

या शनिवारी केबलला तेल आणि बाण, रविवारी प्लग, कॅप आणि बाटलीतलं पेट्रोल एवढंच करा. टॅपेट आणि पायलट जेट नंतर एका दिवसात होतील. हे सगळं होऊनही सकाळी दोन-तीन किकमध्ये गाडी लागली नाही, तर प्लगचा रंग, पट्टीवरची तेलाची दोन्ही मापं आणि किक हाताने दाबल्यावर कडक लागते की मऊ, एवढं लिहून पाठवा. मग पुढचं बोलू, आणि तेव्हा गरज दिसली तर पिस्टनचंही.